चिकन बर्गर (घरगुती)

कोंबडीच्या मांसाची चपटी पॅटी तव्यावर भाजून किंवा तेलात तळून, आडव्या कापलेल्या गोल मऊ पावात कांदा, टोमॅटो, लेट्यूस व सॉस यांसह घालून केलेला पदार्थ. याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात खिम्याची पॅटी असते, तर दुसऱ्यात छातीच्या किंवा मांडीच्या अख्ख्या तुकड्याला पिठाचा लेप देऊन तो तळतात. कोंबडीचे मांस पूर्ण शिजवावेच लागते आणि त्यात चरबी कमी असते, त्यामुळे ते लवकर कोरडे पडते. मांसातले पाणी मांसात राहावे आणि पावात उतरू नये, यातच या पदार्थाचे सगळे कसब आहे.

बर्गर मूळचा अमेरिकी आणि गोमांसाचा. कॅन्सस राज्यातील विचिटा येथे 1921 मध्ये निघालेल्या ‘व्हाइट कॅसल’ने त्याचा साखळी व्यवसाय रूढ केला, कोंबडीचे बर्गर मोठ्या साखळ्यांत बरेच नंतर आले. ‘मॅकडोनाल्ड्स’ 1996 मध्ये दिल्ली-मुंबईत आले ते गोमांस व डुकराचे मांस वगळूनच. त्यांचा ‘महाराजा मॅक’ सुरुवातीला मटणाचा होता, पुढे तो चिकनचा झाला. पावात काही भरून खाणे मात्र आपल्याकडे तोवर चांगलेच मुरलेले होते. पोर्तुगीजांमुळे गोव्यात पाव रुजला. मुंबईचा वडापाव आणि खिमापाव, गोव्यात संध्याकाळी लागणाऱ्या गाड्यांवरचा कटलेट पाव ही सगळी त्याची उदाहरणे. मराठी घरांतल्या बर्गरवर खिम्याच्या कटलेटची छाप स्पष्ट दिसते. खिम्यात उकडलेला बटाटा कुस्करून घालण्याची पद्धत तिथूनच आली. त्याची चव छान लागते, पण तो कटलेटच होतो. बर्गरच्या पॅटीत दाताखाली मांसाचा पोत जाणवायला हवा, म्हणून बटाटा टाळावा.

खिम्यासाठी नुसती छाती घेतली तर पॅटी भुसभुशीत आणि कोरडी होते. छाती आणि ‘लेग बोनलेस’ निम्मे-निम्मे घ्यावे, किंवा सगळे मांडीचेच मांस घ्यावे. त्यात चरबी जास्त असते. दुकानात खिमा करून घेताना तो यंत्रातून एकदाच काढायला सांगावे, कारण फार बारीक खिमा शिजल्यावर रबरासारखा लागतो. घरच्या मिक्सरमध्ये करायचा असल्यास मांसाचे तुकडे अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून थोडे कडक करावेत आणि थांबून थांबून फिरवावे. भांडे गरम झाले की चरबी वितळते आणि खिमा चिकट लगदा होतो.

अर्धा किलो खिम्यात चार पॅटी होतात. त्याला 7 ते 8 ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण सव्वा छोटा चमचा, पुरेसे असते. मीठ केवळ चवीसाठी नसते. ते मांसातील मायोसिन हे प्रथिन विरघळवते, विरघळलेले प्रथिन चिकट होते आणि शिजताना जाळे धरून पाणी अडवते. मीठ घालून मिनिटभर मळल्यावर खिमा हाताला चिकटू लागला की हे काम झाले असे समजावे. मग अंड्याचीही गरज उरत नाही. आधाराला दोन-तीन मोठे चमचे दुधात भिजवलेला ब्रेडचा एक स्लाइस घालावा, त्याने पॅटी ओलसर राहते. कबाबात घालतात तसे डाळ्याचे पीठही चालते, पण ते कोरडे असल्याने एका मोठ्या चमच्यापलीकडे जाऊ नये.

कच्चा चिरलेला कांदा पाणी सोडतो आणि पॅटी फुटते, म्हणून तो परतून गार करून घालावा किंवा घट्ट पिळून घ्यावा. आल्याबाबत विशेष काळजी हवी. कच्च्या आल्यात प्रथिने तोडणारे झिंजिबेन हे विकर असते, पपईतल्या पपेनसारखेच. आले-लसणाचे वाटण लावलेला खिमा रात्रभर ठेवला तर सकाळी तो पिठूळ झालेला आढळतो. वाटण, मिरची, कोथिंबीर, मिरपूड हे सारे भाजण्याच्या थोडे आधी मिसळावे.

पॅटी दीड सेंटिमीटर जाडीची आणि पावापेक्षा बोटभर रुंद थापावी, कारण ती भाजताना आक्रसते. मध्यभागी अंगठ्याने खळगा केला की ती फुगत नाही. बिडाचा किंवा जाड बुडाचा तवा चांगला तापवून पॅटी टाकावी आणि खालची बाजू तांबूस होईपर्यंत हलवू नये. हा रंग व वास प्रथिने आणि शर्करा यांच्या अभिक्रियेतून येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी 1912 मध्ये तिचे वर्णन केले. उलटल्यावर आच मध्यम करून झाकण ठेवावे. दोन्ही बाजू मिळून दहा-बारा मिनिटे लागतात. उलथण्याने दाबण्याची सवय सोडावी, त्याने राखलेला सगळा रस तव्यावर जातो.

साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जीवाणू अख्ख्या तुकड्यावर मुख्यतः पृष्ठभागावर असतात; खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून पॅटीच्या मधल्या भागाचे तापमान 74 अंश सेल्सियसपर्यंत जायला हवे. रंगावर विसंबता येत नाही, कारण आतून पांढरी दिसणारी पॅटी कच्ची असू शकते. स्वयंपाकाचा थर्मामीटर ही यातली खात्रीची सोय. कच्चे चिकन नळाखाली धुण्याची रीत घरोघरी आहे, पण त्याने जंतू मरत नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर पसरतात.

अख्ख्या तुकड्याचा बर्गर करताना मांस किती ताजे हेही पाहावे लागते. कोंबडी कापल्यावर काही तास मांस ताठरते आणि मग पुन्हा सैल होते. ताठरण्याआधीच हाडावेगळी केलेली छाती शिजल्यावर चिवट लागते. समोर कापून देणाऱ्या दुकानातून हाडासकट छाती आणून पाच-सहा तास फ्रिजमध्ये ठेवावी आणि मग घरी हाड काढावे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. नंतर ती प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून लाटण्याने ठोकून सारखी जाड करावी आणि मीठ-तिखट घातलेल्या ताकात दोन-तीन तास मुरवावी. लेपाला मैदा आणि कॉर्नफ्लोअर घेतात. त्या पिठात थोडे ताक शिंपडले की बारीक गोळ्या होऊन कुरकुरीत खवले येतात. कोकण-गोव्यात माशाला लावतात तसा रवा आणि तांदळाचे पीठ यांचा लेपही इथे उत्तम बसतो आणि जास्त वेळ कुरकुरीत राहतो. तेल 170 ते 175 अंशांवर ठेवावे. तळलेला तुकडा कागदावर न ठेवता जाळीवर ठेवावा, म्हणजे खालून वाफ धरत नाही.

बन दूध-लोण्याचा, किंचित गोडसर असतो. तो नसल्यास बेकरीचा लादी पाव चालतो. कापलेली बाजू लोण्यावर भाजणे मात्र अत्यावश्यक आहे, कारण भाजलेला, तुपकट थर रस आत शिरू देत नाही. वरखाली सॉस, पॅटीखाली लेट्यूस, वर टोमॅटोच्या चकत्या असा क्रम ठेवावा आणि टोमॅटोला आधी मीठ लावू नये. घरचे मेयोनेज कच्च्या अंड्याचे असेल तर विषबाधेचा धोका राहतो. याच कारणासाठी तेलंगणाने 2024 मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर बंदी घातली. चक्क्यात ठेचलेला लसूण, मोहरीची पूड, मीठ आणि थोडे तेल फेटून केलेला सॉस निर्धोक असून चिकनला अधिक शोभतो.

कच्च्या पॅटी फ्रिजमध्ये एक दिवस, तर मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये तीन महिने टिकतात. त्या ओट्यावर न ठेवता फ्रिजमध्येच वितळू द्याव्यात. तयार बर्गर दोन तासांत, आणि हवा 32 अंशांवर गेली असेल तर तासाभरात खाऊन संपवावा. उन्हाळ्यात मुलांच्या शाळेच्या डब्यात तो देऊ नये.