प्लॅस्टिकची जलवाहिनी व पिण्याचे पाणी (उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर)

पिण्याचे पाणी नेण्यासाठी यूपीव्हीसी, सीपीव्हीसी, पीपीआर किंवा पॉलिएथिलीन (एचडीपीई, एमडीपीई) या प्लॅस्टिकांच्या नळ्या वापरतात. भारतीय मानकाप्रमाणे बनवलेली आणि नीट जोडलेली नळी पिण्याच्या पाण्यासाठी सुरक्षित मानली जाते. मात्र उल्हास नदीच्या या पट्ट्यात नळी कशाची आहे, यापेक्षा ती कुठून गेली आहे आणि तिच्यात पाणी किती वेळ असते, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

दुसऱ्या महायुद्धातील कल्याण कॅम्पच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. बराकींभोवती शहर दाटत गेले, तशा नळजोडण्याही गटारांच्या कडेने आणि कित्येकदा गटारातूनच ओढल्या गेल्या. उल्हासनगरला स्वतःचा जलस्रोत नाही. पाणी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडून (एमआयडीसी) येते. अंबरनाथ व बदलापूरचा पुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे. पूर्वी घरोघरी जीआयचे म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे पाइप असत. त्यांना आतून गंज धरे, धार बारीक होई आणि सकाळचे पहिले पाणी तांबूस येई. प्लॅस्टिक गंजत नाही, स्वस्त पडते आणि प्लंबरला आटे पाडावे लागत नाहीत. म्हणून जीआय मागे पडले.

प्लॅस्टिकविषयीची सर्वांत रास्त शंका शिशाची. पीव्हीसी तापवून नळी ओढताना ते विघटू नये म्हणून त्यात स्थिरक घालतात, आणि भारतात हा स्थिरक दीर्घकाळ शिशाचाच असे. नव्या नळीतून शिसे सुरुवातीला जास्त झिरपते, पुढे प्रमाण घटते. आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. पाणी उकळून शिसे जात नाही; पाणी आटल्याने त्याचे प्रमाण उलट वाढते. राष्ट्रीय हरित लवादापुढील प्रकरणानंतर केंद्राने २०२१ मध्ये पीव्हीसी पाइपांतील शिसे-स्थिरकाविषयी नियम केले. भिंतीत आधीच गाडलेल्या नळ्यांना अर्थातच त्याचा उपयोग नाही. अशा घरात रात्रभर नळीत साचलेले पाणी भांडी-धुण्याला काढून मग हंडा लावणे बरे. दुसरी शंका व्हिनाइल क्लोराइडची. हा वायू कर्करोगकारक आहे. पण पीव्हीसी बनताना तो साखळीत बांधला जातो आणि मोकळ्या राहिलेल्या अंशावर मानकाची कडक मर्यादा असते.

खरा धोका पाण्याच्या वेळेत दडलेला आहे, कारण पाणी ठरावीक वेळच सोडले जाते. चावीवाल्याने व्हॉल्व्ह बंद केला की वाहिनीतला दाब उतरतो आणि जिथे सांधा सैल असेल तिथून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. कोणी थेट लाइनला पाणी खेचणारा छोटा टुल्लू पंप लावला, तर ही ओढ आणखी वाढते. टुल्लू लावणाऱ्याला पाणी मिळते आणि शेजाऱ्याला कावीळ, असा हा व्यवहार. २०१२ मध्ये इचलकरंजीत हेपॅटायटिस-ईची साथ आली होती. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले की हा आजार असाच पसरतो. अशा वेळी नळी लोखंडी की प्लॅस्टिकची, याने फरक पडत नाही.

मातीचा प्रश्न मात्र खास प्लॅस्टिकचा आहे. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून येणारी वालधुनी नदी उल्हासनगर ओलांडून कल्याणकडे जाते आणि वाटेत कारखान्यांची रसायने, जीन्स धुण्या-रंगवण्याचे पाणी आणि शहराचा मैला पोटात घेते. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध वनशक्ती संस्थेने हरित लवादात दाद मागितली होती. अशा दूषित पाण्यातून बेन्झीन, टोल्यूईन, पेट्रोल यांसारखी द्रव्ये मातीत मुरली असतील, तर ती पॉलिएथिलीनच्या अखंड भिंतीतूनही आत झिरपू शकतात. गळती असावीच लागते असे नाही. पीव्हीसी त्यांना बऱ्यापैकी अडवते, तरी तीव्र द्रावकाने तेही मऊ पडते. म्हणून रसायनांनी भिजलेल्या जमिनीतून डीआय म्हणजे तन्य लोखंडाची वाहिनी नेणे शहाणपणाचे. सांध्यांतील रबरी रिंगा तिथेही कच्चा दुवा राहतात.

खरेदी करताना रंगावर जाऊ नये. पिण्याच्या पाण्याची यूपीव्हीसी नळी आणि सांडपाण्याची एसडब्ल्यूआर नळी, दोन्ही राखाडी मिळतात. नळीवर छापलेला क्रमांक वाचावा : यूपीव्हीसीला आयएस ४९८५, सीपीव्हीसीला १५७७८, एचडीपीईला ४९८४. १३५९२ दिसला तर ती संडास-मोरीची आणि ९५३७ दिसला तर विजेच्या वायरींची. आयएसआय चिन्हासोबतचा सीएम/एल क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. सांधे चिकटवण्याचे ‘सोल्यूशन’ पातळ लावावे, वाळू द्यावे आणि नंतर लाइन भरपूर पाण्याने धुऊन काढावी. नव्या नळाला येणारा उग्र वास बहुधा या सोल्यूशनचाच असतो. साधी यूपीव्हीसी ४५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यासाठी असते, त्यामुळे गिझरच्या लाइनला ती चालत नाही. तिथे सीपीव्हीसी किंवा पीपीआर लागते. गच्चीवर उघडी टाकलेली यूपीव्हीसी उन्हाने पांढरी पडून ठिसूळ होते. तिला रंग द्यावा किंवा झाकावी.