मेथी निर्दोष आहे

हृदयात धातूची झडप बसवून माणूस घरी आला की त्याच्या ताटातली मेथी-पालक हटते. धामणगाव बढे काय आणि मोताळा काय, ‘ॲसिट्रॉम चालू आहे ना, मग पालेभाजी बंद’ हा हुकूम डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा निष्ठेने पाळला जातो. या मताला आधारच नाही, असे नाही. रक्त गोठवणारे दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे घटक यकृतात तयार होतात. ते कामास लायक व्हायला के जीवनसत्त्व लागते. ॲसिट्रॉम किंवा वॉरफरीन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी नेमका त्या जीवनसत्त्वाचा पुनर्वापर अडवते. पालेभाजीत ते भरपूर. मग भाजी गोळीवर पाणी फिरवणारच! तर्क सरळ आहे. निष्कर्ष चुकीचा आहे.

गोळीचा डोस काही आभाळातून पडत नाही. रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारी पीटी-आयएनआर चाचणी करून, तिचा आकडा बहुतेकांत 2 ते 3 दरम्यान आणि काही झडपांना जरा वर राहील, असा तो त्या माणसाच्या नेहमीच्या जेवणावर बसवलेला असतो. आठवड्यातून दोनदा मेथी खाणाऱ्याचा डोस मेथीसकट ठरतो. घोटाळा होतो तो चढउताराने. हिवाळ्यात रोज पालेभाजी आणि उन्हाळ्यात महिनाभर पानही नाही, यात दोष भाजीचा की अनियमिततेचा? शिवाय बंदी पाळून शरीरातला साठा आटला की पंगतीतली एखादी वाटीही आकडा खाली ओढू शकते. न्यूकॅसलच्या संशोधकांनी, कारण सापडत नसताना आयएनआर डळमळणाऱ्या 70 रुग्णांपैकी एका गटाला रोज 150 मायक्रोग्रॅम के दिले. 2007 साली निष्कर्ष छापले: त्या गटाचा आकडा अधिक स्थिरावला. पुढच्या सगळ्याच चाचण्यांत एवढा लाभ दिसला नाही, म्हणून सर्वांनी के घ्यावे असे मी म्हणणार नाही. पण के हा शत्रूच असेल, तर हे घडले कसे?

त्यात ही बंदी सरसकट, रक्त पातळ ठेवणारे औषध कोणतेही असो. ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल प्लेटलेटना आवरतात. अपिक्साबॅन, रिवारॉक्साबॅन थेट दहाव्या घटकाला. यांचा मेथीशी संबंध काय? काहीही नाही. (धातूच्या झडपेला मात्र ही नवी औषधे ॲसिट्रॉमऐवजी चालत नाहीत. याच जातीच्या डॅबिगॅट्रानची तशी चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने अर्ध्यात थांबवावी लागली.)

आणि खरा आरोपी मोकाट आहे. गुडघा दुखतो म्हणून मेडिकलवरून आणलेले डायक्लोफेनॅक पोटात रक्तस्राव घडवू शकते. जुलाबावरचे मेट्रोनिडॅझोल आणि लघवीच्या जळजळीवरचे कोट्रायमोक्साझोल आयएनआर झपाट्याने चढवतात. मेथीची जुडी दारातून परत पाठवणारे घर या गोळ्यांची पट्टी मात्र बिनदिक्कत आणते. धोका कुठे आहे, हे वाचकानेच ठरवावे.

वर्षानुवर्षे पालेभाजी सोडलेल्यांनी मात्र हे वाचून उद्याच पातेलेभर भाजी शिजवू नये. डॉक्टरांना सांगून थोडी सुरू करावी, दर आठवड्याला साधारण तेवढीच ठेवावी आणि ते सांगतील तेव्हा पीटी तपासून घ्यावी. गरज पडली तर गोळीची मात्रा तेच बदलतील.