गिरवलेलं का लक्षात राहतं?

मुलाचं पाठांतर टिकत नाही म्हणून तुम्ही टॉनिक मागता, तेव्हा मी आधी विचारतो, तो हातानं लिहितो किती?

पाटी-पेन्सिल येण्याआधी आपल्याकडे मुलं धूळपाटीवर शिकत. फळीवर बारीक धूळ पसरायची, पंतोजींनी अक्षर काढून द्यायचं आणि मुलानं त्यावरून बोट फिरवायचं. त्या शाळेत छडी होती, घोकंपट्टी होती. त्याचं कौतुक मला नाही. पण अक्षर बोटानंही शिकायचं असतं, हे तिला ठाऊक होतं.

१९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत मारिया माँटेसरी यांनी बालगृह काढलं. त्या स्वतः डॉक्टर. खरखरीत कागदाची अक्षरं करून त्या मुलांना त्यांवरून बोट फिरवायला देत. ही पद्धत ताराबाई मोडक यांनी आपल्याकडे रुजवली. परदेशी साधनं परवडणार कोणाला? म्हणून १९४५ पासून बोर्डीला त्यांनी आणि अनुताई वाघांनी शिंपले, बिया, खडे असं भोवताली मिळेल ते मुलांच्या हाती दिलं.

यामागचं मेंदूतलं कारण उलगडायला मदत झाली ती एका दुर्दैवी रुग्णामुळे. हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाला फिट्स येत. १९५३ च्या शस्त्रक्रियेत त्याच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस दोन्ही बाजूंनी बराचसा काढला गेला. फिट्स कमी झाल्या, पण नवीन काही लक्षात राहीना. ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईदार झाला, मात्र आपण हे आधी केलंय याची त्याला आठवणच नव्हती! हाताची आठवण वेगळ्या वाटेनं साठते. लहान मेंदूचा त्यात मोठा वाटा असतो.

पण नुसतं गिरवून भागत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर छोटा प्रयोग झाला. काही अक्षरं त्यांनी स्वतः काढली, काही गिरवली, काही टाइप केली. नंतरच्या स्कॅनमध्ये वाचनाला लागणारे मेंदूचे भाग जागे झाले ते स्वतः काढलेल्या अक्षरांना. तेव्हा ‘क’ वाकडा आला तरी मुलाला तो स्वतः काढू द्या.

घरात विसराळू झालेली आजी असेल, तर तिच्या बाबतीतही हे उपयोगी पडतं. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पसला लवकर इजा होते, हाताचं कसब त्यामानानं पुष्कळ काळ टिकतं. नातवाचं नाव चुकेल, पण आमसुलं निवडायला दिलीत तर बोटं चालतील. ते काम तिच्याकडून काढून घेऊ नका. विळी आणि गॅस मात्र दूर ठेवा.