शालेय आरोग्यसेवेची वाटचाल : बडोदे ते लासलगाव

प्रस्तावना :
प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासात शाळा, शिक्षक व अभ्यासक्रम यांची चर्चा विपुल झाली आहे. विद्यार्थ्याच्या आरोग्याकडे शासनाचे लक्ष केव्हा व का गेले, याची चर्चा त्या मानाने कमी आढळते. प्रस्तुत लेखात ही वाटचाल नाशिक जिल्ह्याच्या, विशेषतः लासलगावच्या संदर्भात मांडली आहे. आरोग्य तपासणीचा विस्तार होत गेला, परंतु तपासणीनंतरच्या उपचारांची व्यवस्था मागे राहिली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

सक्तीचे शिक्षण व वैद्यकीय तपासणी :
भारतात शालेय विद्यार्थ्यांची पहिली वैद्यकीय तपासणी १९०९ मध्ये बडोदे शहरात झाल्याची नोंद आहे. तत्कालीन बडोदेनरेश महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा जन्म १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणे (ता. मालेगाव) येथे शेतकरी कुटुंबात झाला होता. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ते शिक्षण संस्थानभर लागू केले. त्यानंतर तीनच वर्षांनी ही तपासणी झाली.

हा क्रम अर्थपूर्ण आहे. मुलाला शाळेत पाठविणे सक्तीचे केले की, त्याला फळा दिसतो का, शिक्षकांचे बोलणे ऐकू येते का, तो उपाशीपोटी तर बसलेला नाही ना, हे प्रश्न केवळ पालकांचे राहत नाहीत. इंग्लंडमध्येही सक्तीचे शिक्षण आधी आले. पुढे बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीत अनेक तरुण शारीरिकदृष्ट्या अपात्र ठरले आणि १९०७ च्या कायद्याने शालेय वैद्यकीय तपासणी सुरू झाली.

समित्यांचा कालखंड :
१९४३ मध्ये नेमलेल्या आरोग्य सर्वेक्षण व विकास समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हेही मूळचे नाशिकचेच. १९४६ च्या अहवालात, भारतात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ अस्तित्वातच नाही आणि जेथे आहे तेथे ती अविकसित आहे, असा निष्कर्ष या समितीने काढला. १९५३ मध्ये माध्यमिक शिक्षण आयोगाने (मुदलियार आयोग) वैद्यकीय तपासणी व शालेय आहार यांवर भर दिला. रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखालील शालेय आरोग्य समितीने १९६१ मध्ये शाळाप्रवेशाच्या वेळी व त्यानंतर दर चार वर्षांनी तपासणी करण्याची शिफारस केली.

महाराष्ट्रातील व्यवस्था :
१ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा कार्यरत झाल्या. ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा व प्राथमिक आरोग्य केंद्रे एकाच संस्थेच्या कक्षेत आली, तरी शिक्षण व आरोग्य हे विभाग स्वतंत्रच राहिले. फेब्रुवारी २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’चा प्रारंभ झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वादींची कमतरता, आजार आणि विकासातील विलंब ओळखणे हा त्याचा उद्देश आहे. फिरत्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी करावी आणि पुढील उपचार मोफत मिळावेत, अशी त्यात तरतूद आहे. उपचारांना तपासणीइतकेच स्थान देणारी ही रचना बडोद्यातील प्रारंभानंतर शतकाहून अधिक काळाने आली.

लासलगावचा संदर्भ :
निफाड तालुक्यातील लासलगाव कांद्याच्या बाजारपेठेसाठी देशभर परिचित आहे. येथे ग्रामीण रुग्णालय आहे. मात्र विशेषज्ञांच्या उपचारांसाठी विद्यार्थ्याला बहुधा नाशिक गाठावे लागते. उपचार मोफत असले तरी पालकाचा बुडणारा रोज आणि प्रवासाचा खर्च मोफत नसतो. हंगामी कामासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबातील मूल पथकाच्या वार्षिक भेटीच्या दिवशी शाळेत नसेल, तर त्याची तपासणी वर्षभर लांबते. शाळेत दृष्टिदोष आढळला, पण चष्मा मिळाला नाही, तर त्या नोंदीचा मुलाला काहीच उपयोग नाही.

समारोप :
शालेय आरोग्यसेवेचे मूल्यमापन तपासलेल्या मुलांच्या संख्येवर न करता उपचार पूर्ण झालेल्या मुलांच्या संख्येवर व्हावे. त्यासाठी शाळेच्या नोंदवहीत ‘तपासणी’ व ‘उपचार पूर्ण’ असे दोन स्वतंत्र रकाने असणे आवश्यक आहे. परिसरातील महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांमार्फत या पाठपुराव्याचे काम अंगावर घेतल्यास शाळा व रुग्णालय यांतील अंतर कमी होऊ शकेल. नाशिक जिल्ह्याच्या एका सुपुत्राच्या राज्यात या सेवेचा प्रारंभ झाला आणि दुसऱ्याने तिचे अपुरेपण निदर्शनास आणले; ते भरून काढण्याचे उत्तरदायित्व आजच्या पिढीकडे आहे.