याचं झाकण कुठी हाये?

चिपर बघायला आम्ही यवतमाळला गेलो, तेव्हा दुकानदाराने आधी हॉर्सपॉवर सांगितली, मग पाती किती, मग तासाला माल किती निघेल. बाबांनी मशीनभोवती दोन चकरा मारल्या, मागच्या बाजूला वाकून पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, याचं झाकण कुठी हाये?"

"काढून ठेवलं काका. ग्रीस माराले अडचण होते. कोणीच लावत नाही."

बाबांनी उजवा हात खिशातच ठेवला होता. त्या हाताला दोन बोटं नाहीत. १९८६ च्या उन्हाळ्यात, एकोणीस वर्षांचे असताना, दुसऱ्याच्या खळ्यात गव्हाची मळणी चालू होती तेव्हा ती गेली. या गोष्टीवर घरात कोणी बोलत नाही. मी ही मशीन कुठून आली ते शोधायला बसले, त्याचं खरं कारण ती दोन बोटं.

आधी आम्हाला चिपर का हवं होतं ते सांगते. कापूस वेचून झाला की वावरात पऱ्हाटी उरते. बोटाएवढी जाड, चांगली लाकडासारखी. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून चालणाऱ्या कापूस तंत्रज्ञानाच्या संस्थेने तिच्यापासून पार्टिकल बोर्डही बनवून दाखवले आहेत. आमच्याकडे मात्र तिला एकच काम होतं, चूल. चिमट्याने उपटायची, धुऱ्यावर गंजी लावायची आणि वर्षभर जाळायची. घरात गॅस आला आणि गंज्या तशाच उरायला लागल्या. त्या गंजीत, वाळक्या बोंडांच्या आत, गुलाबी बोंडअळी झोपून राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. बीटी कापूस २००२ मध्ये आला, २००६ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, आणि तरीही २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फोडलेल्या बोंडाबोंडांत अळी होती. त्याच वर्षी फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं मेली. तेव्हापासून बाबांना धुऱ्यावरची गंजी डोळ्यांसमोर नको होती. जाळायची तर धूर, आणि मातीला काही नाही. म्हणून चिपर.

लाकडाचे तुकडे करणारं पहिलं ज्ञात चिपर १८८४ मध्ये उत्तर जर्मनीतल्या मासब्यूल गावात पीटर येन्सन याने बनवलं. पण आपल्याला ही चीज अगदीच परकी नाही. कडबा कुट्टीचं तत्त्व तेच आहे: फिरतं पातं, समोर स्थिर धार, मधे अडकलेली काडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचं दुकान चालवता चालवता ज्या वस्तू पहिल्यांदा बनवायला घेतल्या, त्यांत कडबा कापायचं यंत्र होतं. त्यांचा प्रसिद्ध लोखंडी नांगर १९०३ चा, म्हणजे त्याच्यानंतरचा. हातकुट्टीवर दोन माणसं लागायची, एक चाक फिरवणारा आणि एक कडबा सारणारा. बोटं तिथेही जायची. पण सारणारा ओरडला, तर फिरवणारा थांबू तरी शकायचा.

ट्रॅक्टरला ओरडलेलं ऐकू येत नाही. ट्रॅक्टरच्या मागे जो दातेरी दांडा बाहेर आलेला असतो, तो पीटीओ. इंजिनाची ताकद चाकांऐवजी दुसऱ्या मशीनला द्यायची, एवढंच त्याचं काम. त्याचा उगम मला फ्रान्समध्ये सापडला. गूजी नावाच्या एका फ्रेंच मेकॅनिकची अडचण साधी होती. कापणी करून पेंढ्या बांधणारं यंत्र तेव्हा स्वतःच्याच जमिनीवर घासत चालणाऱ्या चाकातून ताकद घ्यायचं. जमीन ओली असली की चाक घसरायचं आणि यंत्र बंद. त्याने आपल्या घरगुती ट्रॅक्टरच्या इंजिनातून एक दांडा थेट त्या यंत्राला जोडला. हे जुगाड अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा इंजिनिअर एडवर्ड जॉन्स्टन याने पाहिलं होतं. साधारण दहा वर्षांनी, १९१८ च्या सुमारास, त्यांच्या कंपनीच्या ट्रॅक्टरला तसा दांडा आला. मग प्रत्येक कंपनीचा दांडा वेगळ्या वेगाने फिरायला नको, म्हणून १९२७ मध्ये अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांनी वेग ठरवला. तोच पुढे मिनिटाला ५४० फेरे असा पक्का झाला. आजही आमच्या ट्रॅक्टरच्या मीटरवर ५४० ची खूण आहे.

इंटरनॅशनल हार्वेस्टर हे नाव वाचून मी थबकले, कारण १९६३ मध्ये महिंद्राने ट्रॅक्टर बनवण्यासाठी भागीदारी केली ती याच कंपनीशी. ब्रिटनमध्ये आखलेलं बी-२७५ मॉडेल मुंबईत कांदिवलीला बनू लागलं. म्हणजे गूजीचा दांडा फ्रान्सहून शिकागोला गेला आणि तिथून कांदिवलीमार्गे आमच्या वावरात आला.

आता एक हिशेब. मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेरे. दांडा आठ सेंटिमीटर जाड धरला, तर त्याचा घेर साधारण पंचवीस सेंटिमीटर. म्हणजे कापडाचं टोक अडकलं की सेकंदाला सव्वादोन मीटर कापड गुंडाळलं जातं. नऊवारी लुगडं आठ मीटरच्या थोडं वर असतं. चार सेकंदसुद्धा नाहीत. माझी ओढणी तर एका सेकंदाचीच. या दांड्यावर जे प्लास्टिकचं नळीसारखं झाकण असतं, जे दुकानदाराने काढून ठेवलं होतं, ते दांड्याबरोबर न फिरता स्थिर राहू शकतं. कापड त्याला लागलं तर नुसतं घासून सुटतं.

मळणी यंत्रांनी इतके हात खाल्ले की १९८३ मध्ये संसदेला धोकादायक यंत्रांवर कायदा करावा लागला. त्यात नाव घेऊन उल्लेख होता तो मळणी यंत्राचा, आणि जखमी माणसाला भरपाई देण्याची तरतूदही होती. बाबांची बोटं गेली ती त्यानंतर तीन वर्षांनी. गावात कोणीही त्या कायद्याचं नाव ऐकलेलं नव्हतं. मालकाने दवाखान्याचं बिल दिलं आणि तो फार चांगला माणूस ठरला. मी हे बाबांना मोबाइलवर वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, "तवा सांगाचं होतं ना कोनी."

दुकानदाराने झाकण आणून दिलं, आठ दिवस लावून. तोवर बाबांनी पैसे दिले नाहीत. सरकारी अनुदानाच्या सोडतीत आमचं नाव लागलंच नव्हतं. त्यामुळे पैसे आमचेच होते आणि घाईही आमचीच.

मशीन चालवताना कळलं ते असं. पऱ्हाटी उपटल्यावर लगेच, ओली असताना घातली तर स्वच्छ तुकडे पडतात. वाळली की धूळ उडते आणि आवाज वाढतो. मुळांची माती झटकली नाही तर पाती दुपारपर्यंत बोथट होतात. पात्यात आणि स्थिर धारेत फट वाढली की तुकड्यांऐवजी सालीचे दोरे निघतात आणि ते आत गुंडाळून बसतात. हा चुरा थेट जमिनीत गाडायचा नाही, कारण तो कुजवणारे जीवाणू मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि पुढचं पीक पिवळं पडतं. शेणकाला टाकून ढीग लावावा लागतो. चिपर विकणाऱ्याने यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दोरे आत बसले. रोजाने आलेला पोरगा इंजिन चालू असतानाच तोंडात हात घालायला वाकला. बाबा ट्रॅक्टरवरून इतक्या झपाट्याने उतरलेले मी कधी पाहिले नव्हते. इंजिन बंद, किल्ली खिशात. पोरगा म्हणाला, "बंद झालं ना काका?" बाबांनी त्याचा खांदा धरून त्याला मागे ओढलं. इंजिन बंद होतं, पण आतली जड तबकडी अजून फिरत होती. आम्ही तिघं तिचा आवाज ऐकत उभे होतो. घरघर, मग सूं, मग नुसती खरखर. ती पूर्ण थांबायला लागला तेवढा वेळ मला फार मोठा वाटला. मग बाबांनी खिशातला हात बाहेर काढला, त्या पोराला दाखवला आणि काठीने दोरे उकलायला लागले.

संध्याकाळी आजी म्हणाली, "माह्या आंघोळीच्या पान्याले काही ठेवलं का नाही?" ठेवली होती. एक लहान गंजी, धुऱ्यावर नाही, घरामागे. तिच्यातलं एकेक वाळकं बोंड आई आणि मी तोडून काढलं होतं.