पाचवीच्या आधी

आजीचं माहेर वेल्ह्याचं (आता राजगड तालुका), सासर भोरचं. तिचं पहिलं मूल संस्थान विलीन झालं त्या वर्षी, १९४८ साली गेलं. सातव्या महिन्यातलं होतं. तिसऱ्या दिवशी दूध ओढेना, मग आकडी आली आणि संपलं. "सटवाई लिहायला यायच्या आधीच गेलं," असं आजी सांगायची. कागदावर काय कारण लागलं, घरात कुणालाच माहीत नाही.

हे आठवलं कारण सध्या माझ्याकडे एका हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरचं काम आहे. रोगांच्या कोडचं टेबल चाळताना पी५२ दिसला : नवजात बाळाच्या डोक्यात, इजा न होता झालेला रक्तस्राव. पी१० म्हणजे जन्मताना इजा होऊन झालेला. पी५३ म्हणजे व्हिटॅमिन के कमी पडल्याने होणारा, मग तो शरीरात कुठेही असो. म्हटलं, तीन कोड कशाला? डॉक्टर मित्र म्हणाला, "अरे, उपाय वेगळे ना!" पी५२ बहुतेक अपुऱ्या दिवसांच्या बाळांत, म्हणून गरोदरपणातच काळजी घ्यायची. पी१० टाळायला बाळंतपण नीट व्हायला हवं. पी५३ ला जन्मल्याबरोबर एक इंजेक्शन बहुतेकदा पुरतं.

मग मी इतिहासात शिरलो. १८९३ साली बर्टिलॉन नावाच्या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. सहाव्या आवृत्तीत, म्हणजे १९४८ मध्येच, त्यात आजारही आले. पण जिवंत बाळाच्या मेंदूत डोकावणार कसं? १९७८ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोत लू-अॅन पापिल आणि सहकाऱ्यांनी दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या ४६ बाळांचे सीटी स्कॅन केले. २० बाळांत रक्तस्राव सापडला! त्यांनी त्याच्या चार पायऱ्या ठरवल्या. १९९० मध्ये मंजूर झालेल्या दहाव्या आवृत्तीत त्या पायऱ्या पी५२ च्या पोटात आल्या. म्हणजे आधी मशीन, मग कोड.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हा रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या तीन-चार दिवसांत होतो. म्हणजे पाचवीच्या आधीच.

आता गंमत बघा. आजीच्या काळातल्या भोर-वेल्ह्याचा रिपोर्ट काढला तर पी५२ किती? शून्य. पण मंडळी, ते शून्य नाही, ते 'नल' आहे. शून्य म्हणजे शोधलं आणि सापडलं नाही. नल म्हणजे कुणी शोधलंच नाही.

मग मशीन नाही तिथे हातावर हात ठेवून बसायचं का? याचं उत्तर महाराष्ट्रातच मिळालं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. त्यांनी घरोघरी जाऊन बाळं तपासली, नोंदी ठेवल्या, उपचार केले. नवजात मृत्यूंचं प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झालं. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. स्कॅन नव्हता, पण प्रत्येक बाळाची नोंद होती.

असो. आजीच्या बाळाला आज मी पी५२ लावला तर ती थापच होईल. पण आमच्या टेबलात 'तपासणी झाली नाही' असा वेगळा पर्याय हवा, हे सोमवारच्या मीटिंगमध्ये मांडणार आहे. बघू कोण ऐकतंय ते!