पट्टी भरली, पण फाइल पोचली का?

संगणकावरची एखादी मोठी फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची असली की पडद्यावर एक आडवी पट्टी येते. ती डावीकडून उजवीकडे भरत जाते, खाली 'अजून तीन मिनिटे' असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात तसे आपण तिच्याकडे बघत बसतो. पट्टी भरली की पेनड्राइव्ह उपटून खिशात. लग्नाचे फोटो, प्रबंधाचा मसुदा, दुकानाचा वर्षाचा हिशेब, सगळं त्या एवढ्याशा पट्टीच्या शब्दावर सोपवलेलं असतं. लिनक्स या मुक्त प्रणालीवर मात्र तिच्या शब्दावर विसंबलेल्या अनेकांना घरी गेल्यावर अर्धवट फाइल मिळाली आहे. असं का होतं, त्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे.

मुळात लिनक्सच्या घराण्यात ही पट्टी नव्हतीच. १९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला तो युनिक्सच्या वळणावर. युनिक्स १९६९पासून अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी घडवलं. त्या घराण्याची शिकवण अबोलपणाची. फाइलची नक्कल करणारी 'सीपी' ही आज्ञा काम नीट झालं तर एक अक्षर बोलत नाही. काही बिघडलं तरच तोंड उघडते. 'डीडी' नावाची दुसरी आज्ञा तर तासन्‌तास गप्प राही. तिला 'कुठवर आलं?' असं विचारायचं तर दुसऱ्या खिडकीतून 'किल' या आज्ञेने एक विशिष्ट खूण पाठवावी लागे. नाव किल, काम मात्र विचारपुशीचं! प्रगती आपणहून सांगण्याची सोय डीडीला मिळाली ती थेट २०१५ साली.

दरम्यान माणसांना काय हवं असतं याचा अभ्यास झाला होता. टोरांटो विद्यापीठात संशोधन करणाऱ्या ब्रॅड मायर्स यांनी १९८५ साली यावर निबंध प्रसिद्ध केला. ४८ जणांना त्यांनी पट्टीसह आणि पट्टीविना काम करायला दिलं. ८६ टक्के लोकांना पट्टी आवडली. ती अगदी अचूक नसली तरी लोकांची तक्रार नव्हती. काहीच न दिसण्यापेक्षा चुकीचा अंदाजही त्यांना बरा वाटला. मला वाटतं, पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं बीज इथेच आहे.

लिनक्सला सामान्य माणसाच्या टेबलावर आणायचं म्हणून १९९६मध्ये मॅथियास एट्रिच यांनी केडीई आणि १९९७मध्ये मिगेल दे इकाझा व फेडेरिको मेना यांनी ग्नोम, असे दोन प्रकल्प सुरू केले. त्यांच्यासोबत पट्टी आली. केडीईत आधी प्रत्येक नकलेसाठी वेगळी खिडकी उघडे. चार फायली चार वेळा हलवल्या की पडद्यावर खिडक्यांचा बाजार. २००८मध्ये आलेल्या केडीईच्या चौथ्या पिढीत ही माहिती कोपऱ्यातल्या सूचनांमध्ये गेली. ग्नोमच्या फाइल व्यवस्थापकात २०१५च्या सुमारास खिडकी जाऊन तिच्या जागी एक छोटंसं भरत जाणारं वर्तुळ आलं. रूप पालटत गेलं. प्रश्न होता तो आकड्याचा, म्हणजे पट्टीला मोजमाप कुठून मिळतं याचा.

इथे जरा टपालाचं उदाहरण घेऊ. तुम्ही पत्र पेटीत टाकता तेव्हा तुमच्या हातून ते गेलेलं असतं, पण पोचलेलं नसतं. लिनक्सचा गाभा नेमका असाच वागतो. एखादा प्रोग्राम 'हे पेनड्राइव्हवर लिही' म्हणाला की गाभा तो मजकूर आधी स्वतःच्या मेमरीत ठेवून घेतो आणि 'झालं' म्हणून मोकळा होतो. प्रत्यक्ष लिखाण मागाहून, सवडीने. यात लबाडी नाही. चकती ही मेमरीपेक्षा फार संथ, म्हणून प्रोग्रामला खोळंबून ठेवायचं नाही, एवढाच हेतू. आणि ही युक्ती युनिक्सच्या काळापासूनची आहे. पण पट्टी मोजते ती पेटीत टाकलेली पत्रं. पोचपावती तिच्या हाती येतच नाही.

अशी किती पत्रं साठू द्यायची, याला मर्यादा आहे. ती ठरते उपलब्ध मेमरीच्या टक्केवारीत: मूळ गाभ्यात १० टक्क्यांना मागचं लिखाण सुरू होतं आणि २० टक्क्यांपर्यंत साठा चालतो. मेमरी ६४ एमबी होती तेव्हा हा साठा जेमतेम १२-१३ एमबी. कोणाला जाणवणार? पण १६ जीबी मेमरीच्या यंत्रावर तोच साठा ३ जीबीच्या घरात जातो. समजा, १ जीबीची चित्रफीत आहे आणि पेनड्राइव्ह सेकंदाला ८ एमबी लिहितो. पट्टी काही सेकंदांत भरून नाहीशी होईल, आणि खरं लिखाण दोन मिनिटं चालू राहील. फाइल साठ्यात मावण्यापेक्षा मोठी असली तर वेगळंच नाटक: पट्टी आधी भरधाव पळते, मग ९० टक्क्यांवर फतकल मारून बसते. शेवटाकडे रखडणारी पट्टी लोकांना सर्वांत जास्त छळते, हे ख्रिस हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७च्या अभ्यासात दाखवलं होतं. लिनक्सने नकळत नेमकी तीच रचना साधली!

२०१३ साली या दुखण्यावर गाभा घडवणाऱ्यांत जोरदार चर्चा झाली. तक्रार अशी की एका संथ पेनड्राइव्हपायी अख्खं यंत्र अडखळतं. टोरवाल्ड्स यांनीच मान्य केलं की टक्केवारीची कल्पना मेमरी अगदी थोडी असण्याच्या काळातली आहे. मोठी गंमत म्हणजे जुन्या ३२ बिटांच्या यंत्रांवर ही मर्यादा आपोआप १८० एमबीच्या आसपास राहत असे. यंत्र सुधारलं तसं दुखणं वाढलं. पुढे २०१७मध्ये ४.१० या आवृत्तीत मागून चाललेल्या लिखाणाने बाकीच्या कामांना अडवू नये, अशी सोय जेन्स ॲक्सबो यांनी केली. पण १० आणि २० हे आकडे मूळ गाभ्यात आजही तेच आहेत. बदलायला हात का धजत नाही? कारण साठा घटवला की जलद चकत्यांवरची कामं मंदावण्याची भीती, आणि जगभरचे सर्व्हर याच गाभ्यावर चालतात.

मग उपाय झाला तो दुसऱ्या टोकाला. पेनड्राइव्ह 'काढा' म्हटलं की ग्नोम आता सूचना देतं, लिखाण चालू आहे, एवढ्यात काढू नका. आणि संपल्यावर तसं कळवतं. पोचपावती मिळते ती या क्षणी. युनिक्सच्या जुन्या मंडळींची रीत याहून मजेदार. यंत्र बंद करण्यापूर्वी ते 'सिंक' ही आज्ञा तीन ओळींत तीनदा टंकत. ती त्या काळी लिखाणाला फक्त सुरुवात करून देई, संपेपर्यंत थांबत नसे. पुढच्या दोन ओळी टंकायला लागणारा वेळ हीच काय ती खात्री. लिनक्सचा सिंक मात्र लिखाण पुरं होईपर्यंत थांबतो, एकदा पुरतो. आणि ज्यांना आत डोकावायची हौस आहे त्यांच्यासाठी गाभ्याने 'मेमइन्फो' नावाची फाइल उघडी ठेवली आहे. तिच्यात 'डर्टी' या शब्दापुढे एक आकडा असतो, अजून चकतीवर न उतरलेल्या मजकुराचा. पट्टी नाहीशी झाल्यावर तो पुन्हा पुन्हा पाहावा. हळूहळू उतरत शून्याजवळ येताना दिसतो.